काल जोडला होता, आज दिसत नाही: आरटीके रिसीव्हरचं वायफाय पुन्हा पुन्हा का अडतं

ऑफिसात बसून नवा आरटीके रिसीव्हर (उपग्रहांवरून सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारं मोजणीचं उपकरण) सेट केला, फर्मवेअर अपडेट केलं, ॲपमध्ये उपग्रह दिसले, सगळं नीट झालं. दुसऱ्या दिवशी साइटवर पोल उभा केला, रिसीव्हर चालू केला, फोनवर वायफायची यादी उघडली, तर रिसीव्हरचं नाव कुठेच नाही. रिसीव्हर बंद-चालू केला, फोन बंद-चालू केला, दहा मिनिटं गेली. शेवटी रिसेटचं बटण दाबून धरलं आणि रिसीव्हर लगेच दिसला. त्यावरून रिसेट हाच उपाय अशी समजूत होते आणि चार दिवसांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रिसेटच्या या सवयीबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण त्यात वेळेपेक्षा मोठं काहीतरी जातं. रिसेटने साठवलेली वायफाय नेटवर्कं जातात, एनट्रिपचं, म्हणजे इंटरनेटवरून करेक्शन (जागेतली चूक सुधारणारा डेटा) मिळवायच्या सेवेचं, खातं जातं, आणि तो रिसीव्हर बेस म्हणून, म्हणजे फिरता रिसीव्हर (रोव्हर) ज्याच्या तुलनेत मोजतो तो एका जागी ठेवलेला रिसीव्हर म्हणून, लावलेला असेल तर बेसचे कोऑर्डिनेट्सही जातात. वायफाय आणि एनट्रिप पुन्हा भरता येतं. बेसचं मात्र असं होतं की गडबडीत कोणीतरी 'ॲव्हरेज सिंगल' निवडतो, रिसीव्हर स्वतःच स्वतःची जागा अंदाजाने ठरवतो, आणि रोव्हरवर थोड्याच वेळात हिरवा फिक्स, म्हणजे सेंटिमीटरची अचूकता मिळाल्याची खूण, येतो. फिक्स खराच असतो, बेसच्या तुलनेत रोव्हर सेंटिमीटरपर्यंत बरोबर असतो. पण बेसच मीटर-दोन मीटर चुकीच्या जागी धरलेला असल्यामुळे दिवसभराचे सगळे पॉइंट एकाच दिशेला तेवढेच सरकतात, आणि स्क्रीनवर याची कुठेही खूण नसते. वायफायच्या त्रासातून सुरू झालेली गोष्ट नकाशात जाऊन बसते. म्हणून रिसेट हा शेवटचा उपाय.

आता मूळ प्रश्न. 'वायफाय लागत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा चार वेगवेगळ्या तक्रारी त्या एका वाक्यात दडलेल्या असतात: रिसीव्हर यादीत दिसत नाही, दिसतो पण फोन जोडल्यावर पान उघडत नाही, रिसीव्हर फोनच्या हॉटस्पॉटवर यायला तयार नाही, किंवा सगळं जोडलंय पण करेक्शन येत नाहीत. आपलं गाडं नेमकं कुठे अडलंय हे आधी ठरवा. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी विचारा: रिसीव्हर आत्ता यजमान आहे की पाहुणा?

रिसीव्हरचं वायफाय दोनपैकी एका भूमिकेत असतं. एक तर तो स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करतो आणि फोन त्याच्याकडे येतो. म्हणजे तो यजमान. नाहीतर तो ऑफिसच्या राउटरला किंवा एखाद्या फोनच्या हॉटस्पॉटला जाऊन जोडला जातो. म्हणजे तो पाहुणा. आतली वायफायची चिप बहुतेक मॉडेलमध्ये एकच असते आणि ती एका वेळी एकच भूमिका निभावते. पाहुणा म्हणून कुठे गेलेला असताना त्याचा स्वतःचा हॉटस्पॉट बंद असतो, त्यामुळे तुमच्या यादीत तो दिसणारच नाही. तो बिघडलेला नसतो.

नेहमीचा क्रम असा: चालू झाल्यावर रिसीव्हर साठवलेल्या नेटवर्कांपैकी काही सापडतं का ते पाहतो. सापडलं तर पाहुणा होतो. नाही सापडलं तर थोडा वेळ थांबून स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करतो. हा 'थोडा वेळ' काही मॉडेलमध्ये एक मिनिट असतो, काहींत त्याहून जास्त. वीस सेकंदांत नाव दिसलं नाही म्हणून बटण दाबणारा माणूस दरवेळी त्याला नव्याने सुरुवात करायला लावतो. घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं थांबा.

घोळाची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे ऑफिसचं आवार. बॅटरी चार्ज आहे ना, हे पाहायला रिसीव्हर गाडीजवळ चालू केला, त्याने ऑफिसचं वायफाय पकडलं, आणि तो तसाच चालू ठेवून साइटवर नेला. आता ते नेटवर्क नाही, पण काही मॉडेल आपणहून यजमानाच्या भूमिकेत परत येत नाहीत. हरवलेलं नेटवर्क शोधत बसतात. उपाय साधा आहे: साइटवर पोचल्यावर पूर्ण बंद करून चालू करा. पूर्ण बंद म्हणजे सगळे दिवे विझेपर्यंत.

दुसरी जागा मला एका सकाळभर छळून गेली. दोन रोव्हर घेऊन आम्ही तिघं होतो. माझा रिसीव्हर यादीत येईना. बंद-चालू, दोन मिनिटं थांबणं, सगळं करून झालं. दिवा मात्र स्थिर होता, म्हणजे तो कुठेतरी जोडलेला होता. शेवटी लक्षात आलं की आदल्या आठवड्यात सहकाऱ्याच्या फोनच्या हॉटस्पॉटवरून मी करेक्शन घेतली होती. ते नेटवर्क रिसीव्हरने साठवून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी सहकाऱ्याने दुसऱ्या रोव्हरसाठी हॉटस्पॉट चालू ठेवून फोन खिशात टाकला होता. माझा रिसीव्हर प्रत्येक वेळी शिस्तीत त्याच्याकडे पाहुणा म्हणून जात होता. त्याच्या फोनवर हॉटस्पॉटला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली तर त्यात माझ्या रिसीव्हरचं नाव. तेव्हापासून दोन गोष्टी मी चुकवत नाही: काम संपलं की रिसीव्हरमधून उधारीची नेटवर्कं पुसून टाकायची, आणि रिसीव्हर दिसला नाही तर आजूबाजूच्या प्रत्येक फोनची ती यादी पाहायची.

भूमिका कळण्याचा सगळ्यात विश्वासाचा मार्ग म्हणजे दिवा. यजमान असताना एक रंग, पाहुणा असताना दुसरा, शोधत असताना लुकलुकणं, असा बहुतेकांचा हिशोब असतो, पण रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. माहितीपुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा. साइटवर तो शोधायला इंटरनेट नसतं, आणि गरज नेमकी तिथेच पडते.

फोन जोडला, पण पान उघडत नाही

इथे रिसीव्हर निर्दोष असतो आणि फोन जास्त हुशारी करत असतो. रिसीव्हरच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नसतं. फोनला हे कळतं आणि तो वायफायचं चिन्ह दाखवत दाखवत सगळी वाहतूक मोबाइल डेटाकडे वळवतो. तुम्ही रिसीव्हरचा पत्ता, समजा १९२.१६८.४२.१, ब्राउझरमध्ये टाकता, आणि ती विनंती मोबाइल कंपनीच्या जाळ्यात जाऊन हरवते. 'या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेलं ठेवायचं का' असा प्रश्न अँड्रॉइड एकदा विचारतो. घाईत 'नाही' दाबलं गेलं की पुढे सगळं अवघड. मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा, आणि त्या नेटवर्कसाठी 'होय, जोडलेलं ठेवा' निवडा. दहापैकी बहुतेक वेळा इथेच काम होतं.

आयफोनवर आणखी एक अडसर आहे. आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक ॲपला 'लोकल नेटवर्क' वापरायची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा ॲप उघडताना आलेला प्रश्न न वाचता नाकारला असेल तर ते ॲप रिसीव्हर कधीच शोधू शकत नाही, आणि कारणही सांगत नाही. सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या विभागात लोकल नेटवर्कची यादी आहे. तिथे ॲपसमोरचं बटण चालू करा.

पत्ता हाताने टाकताना तीन गोष्टी पाहा. कीबोर्ड मराठीवर असेल तर आकडेही देवनागरी उमटू शकतात, आणि ब्राउझरला पत्ता इंग्रजी आकड्यांतच लागतो. ब्राउझर स्वतःहून एचटीटीपीएस लावत असेल तर पुढे एचटीटीपी स्वतः लिहा, कारण रिसीव्हरच्या आतल्या पानाला बहुधा सुरक्षा प्रमाणपत्र नसतं. आणि तिसरी गोष्ट लॅपटॉपवाल्यांसाठी, जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: अनेक अँड्रॉइड फोन यूएसबी टेदरिंग करताना १९२.१६८.४२ नेच सुरू होणारे पत्ते वापरत आलेत. रिसीव्हरचा हॉटस्पॉटही त्याच मालिकेतला असेल आणि फोन त्याच वेळी केबलने लॅपटॉपला लावलेला असेल, तर एकाच पत्त्याच्या दोन गल्ल्या होतात आणि लॅपटॉप चुकीच्या गल्लीत शिरतो. केबल काढा आणि पुन्हा पाहा.

पाहुण्याच्या भूमिकेत पत्ता बदलतो, हेही ध्यानात असू द्या. हॉटस्पॉटच्या वेळी बुकमार्क केलेला पत्ता ऑफिसच्या राउटरवर चालणार नाही. तिथे राउटर देईल तो पत्ता. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१०.२ ते १७२.२०.१०.१४ या टप्प्यातलेच पत्ते देतो, त्यामुळे तिथे शोध सोपा. अँड्रॉइडवर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत पाहा, नाहीतर नेटवर्क स्कॅन करणारं छोटं ॲप ठेवा. ऑफिसचं 'गेस्ट' वायफाय वापरत असाल तर पत्ता सापडूनही काही उपयोग नाही. अशा नेटवर्कवर एका उपकरणाला दुसरं दिसू नये असा बंदोबस्त मुद्दाम केलेला असतो. आणि जिथे आधी ब्राउझरमध्ये नाव-नंबर भरून आत जावं लागतं, तिथे रिसीव्हर जाऊच शकत नाही. फॉर्म भरायला त्याला ब्राउझर नाही.

रिसीव्हर फोनच्या हॉटस्पॉटवर येत नाही

करेक्शन इंटरनेटवरून घ्यायची तर हाच मार्ग वापरात असतो, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

पहिला संशय बँडवर घ्या. बहुतेक रिसीव्हरमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असतं. आताचे बरेच फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सुरू करतात. रिसीव्हरला तो ऐकूच येत नाही, मग पासवर्ड कितीही बरोबर असो. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ वर आणा. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या मॉडेलवर 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' हे बटण चालू करा, त्याचा अर्थ तोच. आयफोनवर जोडणी होईपर्यंत पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवा. ते बंद करून फोन खिशात टाकला की काही वेळाने नाव प्रसारित होणं थांबतं, आणि नंतर चालू केलेला रिसीव्हर रिकाम्या हवेत शोधत राहतो.

मग नाव. आयफोनच्या हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचं नाव, आणि इंग्रजीतल्या मूळ नावात मालकी दाखवणारं वळणदार अवतरणचिन्ह असतं. यादीतून निवडलं तर प्रश्न नाही. हाताने टाकलं की सरळ चिन्ह उमटतं, डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, रिसीव्हरला ती दोन वेगळी नावं वाटतात. फोनचं नाव बदलून एक साधा इंग्रजी शब्द ठेवा: जागा नाही, चिन्ह नाही.

मराठीत नाव ठेवायची हौस मलाही आहे, पण इथे ती आवरा. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन, आणि काना-मात्रा वेगळी मोजली जाते. 'माझा मोबाईल' एवढ्यातच ३१ बाइट संपतात. त्यातही ते नाव रिसीव्हरच्या पानावर धडपणे दिसेल याचा भरवसा नाही. पासवर्डला तर देवनागरी चालतच नाही: ८ ते ६३ साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं, एवढंच. अक्षर लहान (small) की मोठं (capital) हे काटेकोर पाहिलं जातं. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि शेवटी एक जागा सोडतो, ते दोन्ही तपासा.

सुरक्षेचा प्रकारही पाहा. हॉटस्पॉट फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल आणि रिसीव्हरला डब्ल्यूपीए२ पर्यंतच येत असेल तर तो 'पासवर्ड चुकीचा' असं सांगून मोकळा होतो, आणि आपण पासवर्ड दहा वेळा टाकत बसतो. हॉटस्पॉट डब्ल्यूपीए२ वर आणून एकदा पाहा.

नाव दिसतच नसेल आणि बँडही बरोबर असेल, तर चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झमध्ये बऱ्याच देशांत १ ते १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेच्या हिशोबाने लावलेली उपकरणं सहसा ११ पर्यंतच ऐकतात. राउटर १२ किंवा १३ वर गेला की असा रिसीव्हर आंधळा होतो. कधी दिसतं कधी नाही, अशा तक्रारींमागे हे असू शकतं, कारण राउटर चॅनेल आपणहून बदलतो. राउटर तुमच्या हातात असेल तर १, ६ किंवा ११ पक्कं करा. रिसीव्हरमध्ये देश निवडायची सोय असेल तर आपला देश निवडा.

सगळं जोडलंय, पण फिक्स नाही

इथून पुढे वायफायला दोष देऊ नका. फोनवर त्याच हॉटस्पॉटमधून इंटरनेट चालतंय ना हे आधी पाहा आणि मग एनट्रिपकडे वळा. एनट्रिप साधारणपणे २१०१ या पोर्टवरून चालतं, आणि ऑफिसच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंद असणं नेहमीचं आहे. ऑफिसात करेक्शन येत नाहीत आणि फोनच्या हॉटस्पॉटवर येतात, तर कारण हेच. उत्तरात ४०१ आलं तर खातं किंवा पासवर्ड चुकलाय. करेक्शनऐवजी माउंटपॉइंटची (सर्व्हरवरच्या एकेका करेक्शन-प्रवाहाच्या नावाची) सगळी यादीच परत आली तर माउंटपॉइंटचं नाव चुकलंय. व्हीआरएस (रोव्हरच्या जवळ आभासी बेस मानून करेक्शन देणारा) माउंटपॉइंट असेल तर रोव्हरने स्वतःची जागा, म्हणजे जीजीए संदेश, सर्व्हरला पाठवावी लागते. ते बटण बंद असेल किंवा रोव्हरला उपग्रहच दिसत नसतील तर जोडणी होते पण डेटा येत नाही.

खोलीत बसून चाचणी करणाऱ्यांना आणखी एक चकवा बसतो. काही रिसीव्हर आपलं घड्याळ उपग्रहांवरून लावतात. छताखाली उपग्रह नाहीत, घड्याळ कित्येक वर्षं मागे, आणि मग सुरक्षित जोडणी किंवा फर्मवेअर अपडेट 'प्रमाणपत्र वैध नाही' म्हणून अडतं. बाहेर दिसतं ते एवढंच की 'इंटरनेट नाही'. अँटेना खिडकीबाहेर किंवा गच्चीवर ठेवा, चार-पाच मिनिटं थांबा, पुन्हा प्रयत्न करा.

स्क्रीनवर करेक्शनचं वय दाखवणारा आकडा असतो. तो एक-दोन सेकंदांत राहिला तर जोडणी चांगली. वाढत वाढत तीस-चाळीसवर जाऊन पुन्हा खाली येत असेल तर जोडणी तुटते-जुळते आहे, आणि रोव्हर फ्लोटवर, म्हणजे फिक्सपेक्षा कमी अचूकतेवर, का घसरतो याचं उत्तर तिथेच मिळतं. अशा वेळी फोन कुठे आहे ते पाहा. २.४ गिगाहर्ट्झला पाणी आवडत नाही आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच आहे. मागच्या खिशातला फोन आणि समोर दोन मीटर उंच पोलवरचा रिसीव्हर यांच्यामध्ये आपण उभे असतो. फोन पोलच्या क्लॅम्पवर लावा. वायफायमुळे उपग्रहांचे सिग्नल बिघडतात का, असं बरेच जण विचारतात. जीपीएसचा एल१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर आहे, वायफाय २४०० च्या पुढे. व्यवस्थित बनवलेल्या रिसीव्हरमध्ये ही काळजी करू नका. लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये हार्ड डिस्क लावलेली असेल तर मात्र तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि लॅपटॉपचं वायफाय दुबळं होतं. तीही काढून पाहा.

वीजपुरवठ्याबद्दल थोडक्यात: वायफाय सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढला जातो. बारीक किंवा जुन्या केबलवर व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर नेमका हॉटस्पॉट सुरू होताना पुन्हा बूट होतो. दर मिनिटाला नाव दिसून गायब होत असेल तर केबल बदला.

तरीही रिसेट करावंच लागलं तर

आधी लिहून ठेवा: बेसचे कोऑर्डिनेट्स आणि अँटेनाची उंची, एनट्रिपचा पत्ता, पोर्ट, माउंटपॉइंट, खातं. रिसीव्हर वायफायवर दिसत नसेल तर यूएसबी केबलने किंवा ब्लूटूथने आत जाता येतं का पाहा. बऱ्याच मॉडेलमध्ये येतं, आणि मग नको असलेलं नेटवर्क तिथूनच पुसता येतं, म्हणजे रिसेटची गरजच राहत नाही. मोजणीचे लॉगही आधी उतरवून घ्या.

मदत मागायची असेल तर पाच गोष्टी सांगा: फर्मवेअरची आवृत्ती, दिव्याचा रंग आणि तो स्थिर आहे की लुकलुकतोय, रिसीव्हर यजमान होता की पाहुणा, फोनचं मॉडेल, आणि वरच्या चारपैकी कोणत्या टप्प्यावर अडलंय. 'वायफाय चालत नाही' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही.

आणि रिसेटनंतर बेस पुन्हा लावला असेल तर पहिला पॉइंट घेण्याआधी रोव्हर एका माहीत असलेल्या पॉइंटवर नेऊन ठेवा. स्क्रीनवरचा आकडा जुन्या नोंदीशी सेंटिमीटरमध्ये जुळला तरच काम सुरू करा. मीटरमध्ये फरक दिसला तर बेसचे कोऑर्डिनेट्स पुन्हा पाहा, वरती फिक्स लिहिलेलं असलं तरी.